खड्डा आहे, डोंगर नाही

३ ऑगस्ट

आलं एकदाचं! नव्या यंत्राचं खोकं एवढं मोठं की आमच्या डोळ्यांच्या विभागाच्या दारातून आत जाईना, शेवटी व्हरांड्यातच फोडलं. इंजिनिअर दिवसभर वायरी जोडत होता आणि मी त्याच्या डोक्यावर उभी. जुनं यंत्र शेवटी शेवटी चापट मारल्याशिवाय चालू व्हायचं नाही. हे नवं इतकं गोरंगोमटं आहे की हात लावायची भीती वाटते.

पहिली रेघ माझ्याच डोळ्याची काढली. खालच्या पापणीच्या आत डोळ्यातली वीज टिपणारा केसाएवढा धागा ठेवायचा, पांढऱ्या घुमटात तोंड घालायचं, आत लख्ख चमक होते — आणि स्क्रीनवर रेघ आधी खाली जाते, मग झपकन वर चढते. मी आपली त्यांना खड्डा आणि डोंगर म्हणते. खड्डा म्हणजे डोळ्याच्या पडद्यातल्या तळाच्या पेशींनी उजेड पकडला. डोंगर म्हणजे त्यांच्या पुढच्या पेशींनी तो निरोप घेतला. पापणी लवायच्या आत सगळं होऊन जातं! इतकी वर्षं लोकांच्या डोळ्यांतून ही रेघ काढतेय, तरी अंगावर काटा येतो. इंजिनिअरला तसं म्हटलं तर म्हणतो, "ताई, सिग्नल चांगला आलाय, सही करा."

५ ऑगस्ट

मॅडमचा — म्हणजे आमच्या रेटिनाच्या डॉक्टरांचा — हुकूम सुटला. नव्या यंत्राला आपले स्वतःचे आकडे हवेत. धडधाकट डोळ्यांची माणसं धरून आणा, त्यांच्या रेघा काढा, मग ठरेल धडधाकट कशाला म्हणायचं. विभागातले सगळे जुंपून झाले. आता घरची माणसं.

मी दादाला नेणार. त्याच्यासारखी नजर माझ्या ओळखीत कुणाची नाही. गाडीच्या दारावर ओरखडा गेला की दादा तिथला रंग असा जुळवतो की नंतर मालकालाच जागा सापडत नाही. नुसतं बघून सांगेल, यात पिवळा एक थेंब जास्त झालाय. गॅरेजवाले म्हणतात, याच्या डोळ्यात तराजूचा काटा बसवलाय.

रात्री जेवताना विषय काढला तर नाना म्हणाले, "त्याला नेतेस? अंधाऱ्या खोलीत? रडेल तो." दादाने चाळिशी ओलांडली, पण वडिलांची थट्टा अजून शाळकरी पोराशीच चाललीय. नाना आगीच्या बंबावर होते. धुराने भरलेल्या घरांत शिरून माणसं बाहेर काढायचे. त्यांच्या पोटी अंधाराला भिणारा मुलगा! संध्याकाळ झाली की दादा घरात. लाइट गेली की असेल तिथे बसून राहणार. "भागूबाई" हे त्याचं घरातलं नाव. आई होती तेव्हा ती तरी नानांना गप्प करायची. आता आम्ही तिघंच. दादा हसतो आणि भात वाढून घेतो.

७ ऑगस्ट

वैताग! वैताग! वैताग!

दादा गॅरेजमधून थेट आला, नखांत निळा रंग. नेहमीचे प्रश्न विचारले. रात्री दिसायला त्रास होतो? "नाही. रात्री जसं दिसायला हवं तसं दिसतं." चष्म्याचा नंबर आमच्या मर्यादेच्या काठावर, पण आत. थेंब घातले, बाहुल्या मोठ्या झाल्या, दिवे बंद केले. आधी बराच वेळ काळोखात बसवावं लागतं, म्हणजे अंधारात बघणाऱ्या दंडपेशी जाग्या होतात. मला काम करायला एक मंद लाल दिवा. लाल उजेड दंडपेशींना जवळजवळ कळतच नाही, त्यामुळे त्यांना जाग यायला अडचण होत नाही. दादा खुर्चीचे हात घट्ट धरून बसला होता. मनात आलं, नाना उगाच नाही बोलत.

अगदी पुसट चमक दिली. रेघ सपाट. मोठी चमक दिली. खड्डा छान खोल — आणि डोंगर गायब! रेघ खाली गेली ती खालीच रांगत राहिली. धागा सरकला असेल म्हणून पुन्हा लावला. तेच. वायर बदलली. तेच. दिवे लावून घेतलेल्या रेघा बऱ्यापैकी आल्या, खड्डा जरा चौकोनी वाटला एवढंच. दादा बिचारा डोळ्यांतून पाणी गाळत विचारतोय, "काय गं, पास की नापास?"

"यंत्र नापास," मी म्हटलं आणि त्याच्या रेघा पुसून टाकल्या. नव्याकोऱ्या यंत्राची ही कथा! इंजिनिअरला फोनवर चांगलं फैलावर घेतलं.

१० ऑगस्ट

इंजिनिअर आला. स्वतःच्या डोळ्याची रेघ काढली, माझ्या डोळ्याची काढली. खड्डे आहेत, डोंगर आहेत, सगळं कसं चित्रासारखं. म्हणतो, "ताई, नाचता येईना अंगण वाकडं." मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

दुपारी चहा पिताना मॅडमकडे कुरकुर केली. मॅडमनी कप खाली ठेवला.

"खड्डा पूर्ण आहे म्हणतेस?"

"हो."

"आणि डोंगर अजिबात नाही? दोन्ही डोळ्यांत?" मग हळूच — "अगं, वायर खराब असती तर खड्डा तरी आला असता का?"

शिकायला येणाऱ्या मुलींना मीच तर हे घोकून घेते! दुसऱ्या कुणाच्या डोळ्यात हे दिसलं असतं तर मी धावत मॅडमकडे गेले असते. पण दादाला मी धडधाकट म्हणून आणलं होतं. त्याच्याशी ताडून बाकीच्यांचे डोळे तपासायचे होते. मग चूक यंत्राचीच असणार ना! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मॅडम म्हणाल्या, परवा घेऊन ये. अशी रेघ येणारे दोन-चार आजार आहेत. काही जन्मापासून असतात आणि आहेत तिथेच राहतात. काही वाढत जातात.

वाढत जातात म्हणजे काय होतं ते मला कुणी सांगायला नको. आधी रात्र जाते, मग कडा जातात, मग दिवस. दादाचे रंगही जातील. आज घरी त्याच्याकडे नीट बघवलं नाही.

१२ ऑगस्ट

हे आजच लिहायला हवं.

मॅडमनी आधी पडद्याचे फोटो काढले, थरांची तपासणी केली. मग मी रेघा घेतल्या. तेच. खड्डा आहे, डोंगर नाही. मॅडम रेघा बघायला शेजारच्या खोलीत गेल्या. आम्ही दोघं तिथेच. मी लाल दिवाही बंद केला, स्क्रीनवर काळं कापड टाकलं. का केलं, कळत नाही. त्या कापडाच्या विणीतून जेवढा उजेड झिरपत होता तेवढाच खोलीत.

थोड्या वेळाने मला खोली दिसायला लागली. रोजच दिसते, कधी लक्ष देत नाही. आज दिलं. घुमटाचा गोल, माझा पांढरा कोट, दादाचा चेहरा — करडा, कडा विरघळलेला, पण दादाच. तो माझ्या थोडंसं डावीकडे बघून हसत होता. मी तिथे नव्हतेच.

मी हात वर केला. "दादा, किती बोटं?"

"आधी दिवा लाव, मग विचार. वेडे, अंधारात कुणाला बोटं दिसतात?"

"मला दिसतायत."

"चल, थापा मारू नकोस."

"तुझा हात मांडीवर आहे. अंगठ्याने चष्म्याची काडी घासतोयस."

अंगठा थांबला. "खरंच दिसतं तुला?"

मी त्याचा हात धरला. तो दचकला. माझा हात येताना त्याला दिसला नव्हता. एका घरात वाढलो, एका ताटात जेवलो, आणि मला हे ठाऊक नाही! डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरी करते मी! दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

१३ ऑगस्ट

काल येताना बाहेर अंधार पडला होता. दादाने नेहमीप्रमाणे माझ्या खांद्यावर हात ठेवला. लहानपणापासून ठेवतो, मी लाड समजायचे. रस्त्यावरच्या दिव्याखाली आलो. मग बोलायला लागला तो थांबेचना.

"मला वाटायचं, अंधार म्हणजे अंधार. सगळ्यांना सारखाच. तुम्हाला पण काही दिसत नाही, तरी तुम्ही बिनधास्त चालता. नाना तर चालतातच. म्हणजे तुम्ही शूर आणि मी भित्रा. त्यात काय विचारायचं?"

मी खांद्यावरचा त्याचा हात घट्ट धरला.

"आणि आकाशात असंख्य तारे असतात म्हणतात, ते?"

"असतात रे."

"मला आठ-दहा दिसतात. बाकीची बोलायची पद्धत असेल म्हटलं."

१५ ऑगस्ट

दादाच्या रक्ताचा नमुना पाठवलाय. थरांच्या तपासणीत पडदा छान दिसतो, असं मॅडम म्हणतात. पण खात्रीने बोलायला तयार नाहीत. "खड्डा शाबूत आहे हे चांगलं," एवढंच. मी त्या एका वाक्यावर तग धरून आहे.

तिथे आत काय चाललंय याचाच दिवसभर विचार. शिकले तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, आता पुन्हा वाचतेय आणि तोंडात बोट घालायची वेळ आलीय. आपल्याला वाटतं, उजेड पडला की पेशी जागी होत असेल. उलटं आहे! अंधारात दंडपेशी अखंड बडबडत असते, एक रसायन पुढच्या पेशीवर ओतत राहते. उजेड पडला की ती गप्प होते. उजेडाचा एक कण, एकच, पुरतो तिला गप्प करायला! पंखा अचानक बंद पडला की आपण खडबडून जागे होतो ना, तशी पुढची पेशी त्या शांततेने दचकते आणि ओरडते — उजेड! तो ओरडा म्हणजे माझा डोंगर. एकेका डोळ्यात बारा कोटी दंडपेशी आहेत आणि त्या सगळ्या आत्ता, मी हे लिहितेय तेव्हा, बडबडतायत किंवा गप्प होतायत. मला त्याची काही जाणीवही नाही. मला फक्त ही वही दिसते.

दादाच्या दंडपेशी आपलं काम चोख करतात. उजेड पडला की गप्प होतात. पलीकडच्या पेशीला ती शांतता ऐकू येत नाही. एवढंच. जन्मभर ते कण त्याच्या डोळ्यात पडत राहिले, पकडलेही गेले, आणि निरोप उंबऱ्यावरच राहिला.

हे लिहिताना रडू आलं. घाबरून म्हणावं तर तसंही नाही. इतकं बारीक काम चाललंय आत, आणि त्यातली एकच कडी निसटली, म्हणून एका माणसाला भागूबाई म्हणतात.

१६ ऑगस्ट

रविवार. दादाला गॅरेजमध्ये डबा द्यायला गेले आणि तिथेच बसले. एका लाल गाडीचं दार चालू होतं. दादा मिसळतो, पट्टीवर रंगाचा एक हात मारतो, उन्हात नेतो, दाराशेजारी धरतो, परत येतो. मधूनच भिंतीवरच्या करड्या फळीकडे बघत उभा राहतो. विचारलं तर म्हणाला, "लाल बघून बघून डोळा बिघडतो. मग सगळ्यात हिरवट दिसायला लागतं. करडं बघितलं की ताळ्यावर येतो."

मी उडालेच! त्याला सांगितलं — रंग बघणाऱ्या शंकुपेशी तीन जातीच्या. पण एकट्या पेशीला रंग कळतच नाही, किती उजेड मिळाला एवढंच कळतं. पुढच्या पेशी त्यांची तुलना करतात. लाल विरुद्ध हिरवा, निळा विरुद्ध पिवळा. एक बाजू थकली की पारडं दुसरीकडे झुकतं. तेच तुझं हिरवट.

"म्हणजे आमच्यासारखंच," दादा म्हणाला. "एकच डबा उघडून शेड कळते होय? शेजारी दुसरा धरावा लागतो."

आणि हे त्याला सांगितलं नाही, इथे लिहिते. शंकुपेशींपासून निरोप न्यायला दोन वाटा असतात. एक उजेड वाढल्याचं सांगते, दुसरी कमी झाल्याचं. दादाची पहिली वाट बंद असणार, मॅडमही तसंच म्हणाल्या. म्हणजे हा माणूस जगाचा अर्धाच निरोप ऐकतो, उजेड कमी झाल्याचा, आणि तेवढ्यावर त्याने हे लाल जुळवलं! मी दारावर शोध शोध शोधलं. जुन्या-नव्या रंगाचा जोड सापडला नाही.

निघताना म्हणाला, "डोळे जाणार असतील तर आधी सांग. हाताखाली आणखी एक पोरगं शिकवून तयार ठेवायला हवं." पट्टी पुसत म्हणाला, जसं काही थिनर संपत आलंय.

१९ ऑगस्ट

रिपोर्ट नाही.

२१ ऑगस्ट

नाही. फोन करून करून त्यांनी माझा आवाज ओळखायला सुरुवात केलीय.

२४ ऑगस्ट

जन्मापासूनचं आहे. स्थिर आहे. वाढणार नाही!

मॅडमनी रिपोर्ट माझ्या हातात दिला, पण मला अक्षरं दिसेनात. त्यांनीच वाचून दाखवला. निरोप घेणाऱ्या पेशीचा जो भाग ती शांतता ओळखतो, त्याच्या घडणीत एका ठिकाणी फरक आहे. एका ठिकाणी! इलाज नाही, पण नजर जाणार नाही. दिवस त्याचा आहे. रंग त्याचे आहेत. मी मॅडमच्या गळ्यात पडले, त्यांचा चष्मा खाली पडला, दोघी हसतोय काय, रडतोय काय!

गॅरेजमध्ये धावत गेले. दादा एका बोनेटवर वाकला होता. सांगितलं. तो तसाच वाकलेला राहिला, मग म्हणाला, "बरं झालं. हे निळं अर्धवट सोडवलं नसतं." आणि नाक पुसलं, तर मिशीला निळा रंग लागला.

२५ ऑगस्ट

नानांना सगळं समजावून सांगितलं. कागदावर चित्र काढून, खड्डा-डोंगरासकट.

"डॉक्टर काय, कशालाही नाव देतात."

"नाना, त्याला खरंच दिसत नाही. अंधारात तो भीत नव्हता, त्याला काही दिसतच नव्हतं."

"आम्हाला धुरात दिसायचं काय?"

"तुमच्या हातात बॅटरी असायची. मागे चार माणसं असायची. दोरी असायची."

नाना उठून गॅलरीत गेले. दादा म्हणाला, "जाऊ दे गं. मलाच कुठे ठाऊक होतं?" त्याला राग येत नाही याचा मला राग येतो.

२८ ऑगस्ट

भर दुपारी घरी आले तर नाना बैठकीच्या खोलीत डोळे गच्च मिटून चालत होते. हात पुढे केलेले. स्टुलावर आपटले, थांबले, नडगी चोळली आणि पुन्हा निघाले. एकदाही डोळे उघडले नाहीत. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचायला त्यांना केवढा वेळ लागला! मी पाय न वाजवता मागे फिरले आणि जिन्यात थांबून मुद्दाम खोकत वर आले.

दोन दिवस झाले, भागूबाई हा शब्द घरात ऐकला नाही. दुसराही कुठला शब्द फारसा नाही.

३० ऑगस्ट

सकाळी नाना चहा पुढ्यात घेऊन नुसतेच बसले होते. मग दादाकडे न बघता म्हणाले, "ही चार वर्षांची असताना तळघरात अडकली होती. सगळीकडची लाइट गेलेली. मी ड्यूटीवर. तुझ्या आईने तुला खाली धाडलं. तू पायरी पायरी बसत उतरलास म्हणून मी अख्ख्या बंबावर हसून सांगितलं होतं." कप बाजूला सारला. "तेव्हा तुला काय दिसत होतं?"

"काही नाही."

"त्या जिन्याला कठडा नव्हता."

"नव्हता ना. म्हणून तर बसत उतरलो."

"मग गेलास कसा रे?"

दादाने बिस्किट चहात बुडवलं. "ही रडत होती ना," म्हणाला.

मला त्यातलं काहीच आठवत नाही.